आइस हॉकीच्या प्रक्षेपणाची वर्गणी : यवतमाळ जिल्ह्यातील एका दूध संकलन केंद्रावरून

नॅशनल हॉकी लीग ही अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत मिळून खेळली जाणारी व्यावसायिक आइस हॉकीची सर्वांत मोठी स्पर्धा आहे. तिचे सामने भारतात बसून मोबाइलवर दाखवणाऱ्या एका परदेशी कंपनीची वर्गणी मी २०२४-२५ च्या हंगामापासून भरतो आहे. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्यामुळे कंपनीचे नाव घेत नाही. अशा सेवा मोजक्याच असल्यामुळे ज्याला गरज आहे त्याला त्या सापडतील. मी राहतो आर्णी तालुक्यातील एका खेड्यात. तेथे लाइन गेली की थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही जाते, आणि माझी सकाळ दूध संकलन केंद्रावर फॅट मोजण्यात संपते. त्यामुळे फायबर जोडणी असलेल्या शहरातील माणसाला या सेवेचे जे गुणदोष दिसतील तेच मला दिसतील असे नाही.

सेवेची परीक्षा मी एकाच प्रश्नावर घेतली आहे. एखाद्या व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द, म्हणजे निवडीपासून निवृत्तीपर्यंतचा त्याचा सगळा प्रवास, येथे बसून या सेवेच्या आधारे नीट समजून घेता येतो का? नुसते गोल पाहायचे असतील तर अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती कोठेही फुकट मिळतात आणि त्यासाठी परदेशी कंपनीला पैसे पाठवण्याचे काही कारण नाही. परंतु हॉकीपटूचे आयुष्य गोलांत फार थोडे असते. ते असते बाकावर बसून पाळीची वाट पाहण्यात, पंचेचाळीस सेकंदांसाठी मैदानात उतरून धाप लागेपर्यंत धावण्यात, दुखापतीमुळे महिनोन्महिने संघाबाहेर राहण्यात आणि एके दिवशी खालच्या स्पर्धेत पाठवले जाण्यात. यापैकी किती गोष्टी ही सेवा दाखवते आणि किती दाखवत नाही, यावरून तिची किंमत ठरवायला हवी.

आधी वेळेचा प्रश्न, कारण बहुतेकांचा विचार तेथेच थांबतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सायंकाळी सात वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि तिकडे घड्याळे पुढे केलेली असतात त्या काळात पहाटे साडेचारला लागतो. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आणखी तीन तास उशिरा येतात. नोकरदार शहरी प्रेक्षकाला ही वेळ अडचणीची वाटेल. खेड्यात मात्र हीच उठण्याची वेळ आहे. गोठ्यातले काम उरकून साडेसहाला मी केंद्र उघडतो तोवर साडेचारच्या सामन्यातले वीस-वीस मिनिटांचे दोन डाव झालेले असतात आणि तिसरा डाव फॅटच्या यंत्राला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर चालू राहतो. एप्रिलच्या मध्यापासून बाद फेरी सुरू होते, आणि तिच्यात बरोबरी झाली तर कोणीतरी गोल करेपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव खेळले जातात. अशा दिवशी दुधाची गाडी येऊन निघून जाते तरी सामना संपत नाही. अंतिम फेरीचे सामने २०२५ च्या जूनमध्ये आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागत होते. पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लागलेल्या त्या दिवसांत, १८ जूनच्या सकाळी, फ्लोरिडा पँथर्सच्या सॅम राइनहार्टने एकट्याने चार गोल करून एडमंटनचा पराभव पक्का केला आणि लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप सलग दुसऱ्या वर्षी फ्लोरिडाकडे राहिला. कूलरसमोर बसूनही अंगाला घाम, आणि समोर बर्फावर धावणारी माणसे. उन्हाळ्यातल्या प्रक्षेपणाची ही मौज वर्गणीच्या पत्रकात कोठे लिहिलेली नाही.

चित्राच्या दर्जाबद्दल बोलताना पकबद्दल सांगणे भाग आहे. पक म्हणजे कडक रबराची काळी चकती, सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच सेंटिमीटर जाडीची. वजन दीडशे ते एकशे सत्तर ग्रॅमच्या दरम्यान, आणि फार उसळू नये म्हणून ती सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. ताकदीच्या फटक्यावर ती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते. नेटवर्क मंद झाले की सेवा आपोआप चित्राचा दर्जा उतरवते. खेळाडू ओळखू येतात, पाट्या वाचता येतात, पण पक नाहीशी होते. क्रिकेटमध्ये चेंडू दिसला नाही तरी फलंदाजाच्या हालचालीवरून अंदाज बांधता येतो. येथे दहा माणसे एका कोपऱ्यात कठड्याला भिडलेली असतात आणि त्यांच्या पायांत नेमके काय चालले आहे ते कळत नाही. एकदा दूध घालायला आलेल्या एका काकांनी बराच वेळ पडद्याकडे पाहून विचारले, "भाऊ, थो काळा ठिपका कुठी गेला?" त्या क्षणी तो मलाही दिसत नव्हता. यावर उपाय एवढाच, की दर्जा हाताने 'मध्यम'वर कायम करावा आणि चित्र मधूनमधून थांबले तर थांबू द्यावे. थांबलेले चित्र पुन्हा सुरू होते. पुसट चित्रात हरवलेली पक सामना संपेपर्यंत सापडत नाही. रोज दीड जीबीच्या रिचार्जमध्ये एक सामना मध्यम दर्जावर जेमतेम बसतो, उच्च दर्जावर बसत नाही. सामना उतरवून घेऊन नंतर पाहण्याची सोय या सेवेत नाही, आणि ज्या भागात रेंज पहाटे चांगली व दुपारी वाईट असते तेथे ही उणीव फार जाणवते.

या सेवेचा खरा ठेवा म्हणजे तिचा संग्रह. अलीकडच्या हंगामांतील सामने संपूर्ण आहेत, त्यापूर्वीचे निवडक आहेत. दहा मिनिटांत आटोपणारी संक्षिप्त आवृत्तीही प्रत्येक सामन्याला जोडलेली आहे, परंतु मी ती पाहू नये असेच सांगेन, कारण संपादकाने कापून टाकलेल्या भागातच खेळाडू दिसतो. पिट्सबर्ग पेंग्विन्सचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी याची कारकीर्द मी संग्रहातून मिळेल तेवढी क्रमाने पाहिली, आणि सेवेचा पुरेपूर उपयोग तेव्हाच झाला.

क्रॉस्बीचा जन्म ७ ऑगस्ट १९८७ चा, आणि तो वाढला कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील कोल हार्बरमध्ये. मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला होता, आणि त्यानंतरच्या २००५ च्या निवडीत (दरवर्षी संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती) पिट्सबर्गने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. अठराव्या वर्षी पहिल्याच हंगामात त्याने गोल आणि गोलसाठीच्या पासेसचे मिळून १०२ गुण मिळवले, दुसऱ्या हंगामात १२० गुणांसह तो लीगमध्ये सर्वांत पुढे होता, एकोणिसाव्या वर्षी कर्णधार झाला आणि २००९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याच्या हातात स्टॅनले कप होता. येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही गुणी खेळाडूच्या गौरवलेखात शोभेल अशी आहे, आणि ती तशीच पुढे चालू राहिली असती तर मला त्याच्यात एवढा रस वाटला नसता.

२०११ च्या जानेवारीत पाच दिवसांच्या आत लागोपाठच्या दोन सामन्यांत त्याच्या डोक्याला मार बसला. पहिला मार १ जानेवारीला उघड्या मैदानावर खेळल्या गेलेल्या सामन्यात बसला. पुढच्या सामन्यातही तो खेळला आणि तेथे कठड्याजवळ पुन्हा धडक बसली. तोपर्यंत त्या हंगामातील ४१ सामन्यांत त्याचे ३२ गोल झाले होते आणि तो कारकिर्दीच्या ऐन भरात होता. त्यानंतर साडेदहा महिने तो खेळला नाही. संग्रहात या काळातील सामने लावून पाहावेत: संघ तोच, गणवेश तोच, आणि त्याचा ८७ क्रमांक नाही. संग्रहाचे मोल मला येथे कळले. चित्रफितीत खेळाडूची हजेरी पाहायला मिळते. त्याची गैरहजेरी पाहायची तर सामनाच पाहावा लागतो. २१ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध तो परतला, पहिल्या सहा मिनिटांच्या आत उलट्या हाताच्या फटक्याने गोल केला आणि सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर दोन गोल व दोन पासेस होते. पुनरागमनाची कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात. प्रत्यक्षात आठच सामन्यांनंतर डोकेदुखी पुन्हा सुरू झाली आणि तो पुढच्या मार्चपर्यंत परत बाहेर गेला. मेंदूला बसलेल्या धक्क्याकडे या खेळात पुढे जे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले, त्यामागे एवढ्या मोठ्या खेळाडूचे असे दोनदा घरी बसणे हेही एक कारण होते.

त्यानंतरचा क्रॉस्बी वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा सलग पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. पूर्वी तो वेगाच्या जोरावर मधून घुसत असे. २०१६ आणि २०१७ च्या कपविजयांत (दोन्ही वेळा बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला) आणि त्यापुढच्या वर्षांत तो अधिकाधिक गोलजाळीच्या मागे आणि कोपऱ्यांत खेळताना दिसतो. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ प्रतिस्पर्ध्याकडे आणि पक काठीच्या पुढच्या टोकाला. मागून दोन माणसे ढकलत असताना तो एका पायावर वळतो आणि न पाहता पास देतो. ही हालचाल एका सामन्यात आठ-दहा वेळा होते आणि त्यातली एखादीच गोलपर्यंत पोहोचते, त्यामुळे संक्षिप्त आवृत्तीत ती जवळपास नसतेच. २०२४-२५ मध्ये सदतिसाव्या वर्षी त्याने ८० सामन्यांत ९१ गुण मिळवले आणि सलग विसाव्या हंगामात सामन्यामागे सरासरी एक किंवा अधिक गुण राखले. पूर्वीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की याचा असा विक्रम एकोणीस हंगामांचा होता. याच काळात पिट्सबर्गचा संघ मात्र २०२३ पासून सलग तीन वर्षे बाद फेरीत पोहोचला नाही. हरणाऱ्या संघाच्या फेब्रुवारीतल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या सामन्यात, तिसऱ्या डावात, दोन गोलांनी मागे असताना तो कोपऱ्यातल्या पकेसाठी कसा झगडतो हे पाहणे मला त्याच्या तीन कपांइतकेच मोलाचे वाटते.

सामन्याच्या पानावरच प्रत्येक खेळाडूची मैदानावरील मिनिटे आणि पाळ्यांची संख्या देणारा तक्ता आहे. तो या सेवेतला सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत कामाचा भाग आहे. एका सामन्यासाठी दोन गोलरक्षक आणि अठरा खेळाडू पोशाख चढवतात. एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात, आणि एक पाळी पाऊण मिनिटाच्या आसपास असते. पहिल्या फळीचा आघाडीवीर साठ मिनिटांपैकी वीस मिनिटे खेळतो, चौथ्या फळीचा कधी आठच. खेळाडू मागे पडू लागला की वर्तमानपत्रात बातमी येण्याच्या खूप आधी या तक्त्यातली त्याची मिनिटे कमी होऊ लागतात. सोळाची चौदा होतात, चौदाची अकरा, आणि मग एका दिवशी नाव यादीतून जाते. प्रशिक्षकाच्या मनात काय आहे हे सांगणारी याहून प्रामाणिक जागा नाही.

आमच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीच्या तयारीसाठी सोळाशे मीटर धावणारी मुले असतात. धावणे झाले की ती केंद्रावर पाणी प्यायला थांबतात. त्यांना खेळापेक्षा निवडीच्या पद्धतीत अधिक रस. वयाची अट काय, जागा किती, पगार किती? या प्रश्नांची उत्तरे सेवेतील खेळाडूंच्या माहितीपानांवर बऱ्यापैकी मिळतात, हे तिच्या श्रेयाला जोडले पाहिजे. दरवर्षीच्या निवडीसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सात फेऱ्या आणि बत्तीस संघ मिळून २२४ मुले निवडली जातात. "म्हणजे नोकरी पक्की झाली काय?" असे एकाने विचारले. नाही झाली. निवड म्हणजे त्या मुलाशी करार करण्याचा हक्क एका संघाला मिळाला, एवढेच. २२४ पैकी पुष्कळांना वरच्या लीगचा एकही सामना खेळायला मिळत नाही. करार झालाच तर अठरा ते एकविसाव्या वर्षी करार करणाऱ्यासाठी तो तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या रकमेवर कमाल मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये लीगमधील किमान वार्षिक वेतन सात लाख पंचाहत्तर हजार डॉलर होते. परंतु नव्या मुलांचे बहुतेक करार दुहेरी असतात: वर खेळला त्या दिवसांचा पगार एका दराने, खाली पाठवला त्या दिवसांचा त्याच्या कितीतरी कमी दराने. हे ऐकून मुलगा जरा वेळ गप्प राहिला आणि मग कंत्राटी भरतीबद्दल त्याला जे वाटत होते ते त्याने सविस्तर सांगितले. ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

पगाराच्या बाबतीत क्रॉस्बीचेच उदाहरण घ्यावे. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर लीगची कमाल मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती आठ कोटी ऐंशी लाख डॉलर होती. एका खेळाडूने जितके जास्त घेतले तितके इतरांसाठी कमी उरते. २००८-०९ पासून क्रॉस्बीचा वार्षिक आकडा सत्त्याऐंशी लाख डॉलरवर थांबलेला आहे, आणि २०२४ मध्ये त्याने दोन वर्षांची वाढ घेतली तीही त्याच आकड्यावर. त्या हंगामात टोरंटोच्या ऑस्टन मॅथ्यूजचा आकडा एक कोटी साडेबत्तीस लाख होता. क्रॉस्बीने बाजारभाव मागितला असता तर त्याला तो मिळाला असता याबद्दल शंका नाही. सत्त्याऐंशी या अंकावरचे त्याचे प्रेम हे कारण सांगितले जाते, पण संघात चांगली माणसे टिकावीत हा हिशेब त्यामागे नसेल असे मला वाटत नाही.

आता सेवा जे दाखवत नाही त्याकडे वळतो, आणि माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे. व्यावसायिक हॉकीपटूची कारकीर्द बहुतेक वेळा वरच्या लीगमध्ये सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग आहे, जिच्यातल्या बत्तीस संघांपैकी प्रत्येक संघ वरच्या एकेका संघाशी जोडलेला आहे, आणि तिच्याही खाली आणखी एक पायरी आहे. या सामन्यांतले एकही या वर्गणीत मिळत नाही. सेंट लुईस ब्लूजचा गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टन याचे नाव शोधले की त्याची कारकीर्द जणू ७ जानेवारी २०१९ ला सुरू झाली असे दिसते. त्या रात्री त्याने लीगमधल्या आपल्या पहिल्या पूर्ण सामन्यात फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही. महिन्याच्या सुरुवातीला संघ लीगमध्ये तळाला होता. १२ जूनला बोस्टनमध्ये सातवा सामना ४-१ असा जिंकून तोच संघ स्टॅनले कप घेऊन गेला आणि बिनिंग्टनने त्या सामन्यात ३२ फटके अडवले. संग्रहात हे सगळे आहे आणि उत्तम आहे. पण त्याची निवड झाली होती २०११ मध्ये, तिसऱ्या फेरीत. मधली बहुतेक वर्षे तो खालच्या लीगमध्ये होता, आणि एका हंगामात तर त्याला दुसऱ्याच संघाच्या खालच्या पथकात उसना पाठवले होते. कोणी पाहत नसताना त्या माणसाने गोलजाळीसमोर काढलेली ती वर्षे कशी होती, हे या सेवेतून कधीच कळणार नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना कपापेक्षा तीच वर्षे पाहायला आवडली असती असे मला वाटते.

ऑलिंपिकचे सामनेही यात येत नाहीत, कारण त्यांचे हक्क वेगळे असतात. परिणामी क्रॉस्बीच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला गोल, २८ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकुव्हरमध्ये जादा डावात अमेरिकेविरुद्ध करून कॅनडाला सुवर्णपदक मिळवून देणारा, त्याच्या नावाखालच्या यादीत नाही. २०१४ चे सुवर्णपदकही नाही. हक्कांची अडचण समजण्यासारखी आहे, तरी माहितीपानावर निदान एक ओळ द्यायला हरकत नव्हती.

थेट प्रक्षेपणाबद्दल मात्र माझी तक्रार थोडी आणि समाधान पुष्कळ आहे. अमेरिकेत शनिवार-रविवारी दुपारी होणारे सामने आपल्याकडे रात्री लागतात, आणि ६ एप्रिल २०२५ चा रविवार असाच होता. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा अलेक्झांडर ओव्हेच्किन तेव्हा ग्रेट्झ्कीच्या सर्वाधिक ८९४ गोलांच्या विक्रमाशी बरोबरी करून उभा होता. सामना रात्री दहाला सुरू झाला. दुसऱ्या डावात, अकराच्या सुमारास, त्याने डाव्या बाजूच्या वर्तुळातून आयलंडर्सच्या इल्या सोरोकिनला चकवून ८९५ वा गोल केला. अनेक हंगाम सगळ्या लीगला ठाऊक असलेली ती जागा, आणि तरी तेथून येणारा फटका अडवता येत नाही. ग्रेट्झ्कीने १,४८७ सामन्यांत आपले गोल केले होते, आणि ओव्हेच्किनचाही तो १,४८७ वाच सामना होता. खेळ थांबवून समारंभ झाला, ग्रेट्झ्की स्वतः हजर होता, आणि सेवेने त्यातले काहीही कापले नाही. त्याच हंगामात नोव्हेंबरमध्ये पायाचे हाड मोडून एकोणचाळीस वर्षांचा हा माणूस सोळा सामने बाहेर होता, हे ज्याने मधले सामने पाहिले त्यालाच त्या रात्री आठवले असेल. वॉशिंग्टन तो सामना ४-१ असा हरले, ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या चित्रफितींतून साफ गळली होती.

समालोचन इंग्रजीत आहे आणि ते फार वेगाने बोलतात. यजमान संघाचे आणि पाहुण्या संघाचे समालोचन यांतून निवड करता येते. ज्या खेळाडूचा माग काढायचा आहे त्याच्या संघाचे समालोचक निवडावेत, कारण त्यांना त्याची लहानसहान दुखणीही ठाऊक असतात. आवाज बंद करूनही खेळ कळतो.

पैशांचा भाग कटकटीचा आहे. वर्षाची वर्गणी मला त्या हंगामातील एक क्विंटल सोयाबीनच्या हमीभावाएवढी, म्हणजे ४,८९२ रुपयांच्या आसपास पडली. बाजारात त्या भावाने किती जणांचे सोयाबीन गेले हा वेगळा विषय आहे. यूपीआय चालत नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावे लागतात, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात, आणि बँक रूपांतराचा आकार वेगळा लावते. याहून वाईट बाब म्हणजे वर्गणी आपोआप नूतनीकृत होते. हंगाम संपल्यावर ती बंद करण्याची सूचना मी दिली होती, तिची पोचही आली होती, तरी पैसे कापले गेले. ग्राहक सेवेकडून येणारे प्रत्येक उत्तर आधीचे पत्र न वाचता लिहिलेले वाटत होते, आणि परतावा मिळायला बरेच आठवडे गेले. खेळ दाखवण्यात एवढी तत्पर असलेली कंपनी पैसे परत करण्यात इतकी मंद का, याचा खुलासा शेवटपर्यंत झाला नाही.

एवढे होऊनही पुढच्या हंगामासाठी मी वर्गणी पुन्हा भरली आहे. ज्यांना केवळ निकाल आणि गोल हवे आहेत त्यांनी हा खर्च करू नये. ज्यांना एखादा खेळाडू निवडून त्याच्या मागे दोन-चार वर्षे जायचे आहे, आणि ज्यांची पहाट तशीही लवकर होते, त्यांनी घ्यावी. पण एकदम वर्षाची न घेता आधी महिन्याची घ्यावी, आणि तो महिना मार्च असावा. मार्चच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख असते, बाद फेरीची चुरस सुरू झालेली असते, आणि एका फोनवर घर-गाव सोडून दुसऱ्या संघात गेलेला माणूस दोन दिवसांत नव्या गणवेशात खेळताना दिसतो. मैदानावरील मिनिटांचा तक्ता 'सामना' या पानावर सर्वांत खाली, जाहिरातीच्या पट्टीच्या मागे आहे. तो मोबाइलवर उघडत नसेल तर फोन आडवा धरावा. आणि पैसे भरल्याबरोबर, त्याच दिवशी, कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार पुन्हा बंद करून टाकावेत.